धीर सोड स्टॉप

आमच्या चर्चच्या भिंतीवर साडेपाच महिने, कमरेइतक्या उंच निळ्या अक्षरांत, "धीर सोड" असं लिहिलेलं होतं. हसू नका. तो मजकूर मी ठरवला होता आणि मी भाषेची शिक्षिका आहे. ऱ्हस्व-दीर्घावरून मी सगळ्यांचे कान धरते, म्हणून शाळेतली पोरं मला वेलांटीबाई म्हणतात. हे मला ठाऊक नाही असा त्यांचा समज आहे.

खरा मजकूर तीन शब्दांचा होता : धीर सोडू नका. भिंतीला लागूनच बसस्टॉप आहे. माणसं तिथं ताटकळत उभी असतात, तर त्यांना वाचायला चार बरे शब्द असावेत असं मंडळीच्या कमिटीत ठरलं. त्यासाठी तीन बैठका झाल्या. रिटायर्ड पोस्टमास्तरांना अख्खं स्तोत्र हवं होतं. मी म्हटलं, बस यायच्या आत वाचून झालं पाहिजे, तीन शब्द खूप झाले. आणि "नको" नाही, "नका" हवं. रस्त्यावरच्या परक्या माणसाला देवाच्या घरानं अरेतुरे करू नये. तोही आग्रह माझाच आणि तसा ठरावही झाला.

काम अर्थातच पेंटरकडे गेलं. आमच्या मंडळीत पेंटर म्हटलं की एकच. सगळ्या दुकानांवर मशीनवर छापलेले फलक आले तरी हा माणूस हातानं पाट्या रंगवत राहिला. न्हाव्याच्या दुकानावर, शाळेच्या फाटकावर, दवाखान्याच्या काचेवर अक्षरं याचीच. बोलायला तिखट, उपासनेत शेवटच्या बाकावर, आणि गाणी नेहमी अर्धी पट्टी वर. बायको गेली तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. लोकांनी दुसऱ्या लग्नाचे सल्ले दिले, त्यावर हा म्हणाला, "रंग एकदाच कालवलाय. तो पुरवून वापरीन."

मुलगी बापाबरोबर शिडीपाशीच वाढली. लहानपणी खालून रंगाच्या डब्या वर द्यायची, म्हणून तिचं नाव पडलं डबी. पुढे दहाएक वर्षांची झाल्यावर तिला बढती मिळाली आणि ती शिडी धरू लागली. त्या दोघांचा एक नियम होता, मी कितीदा ऐकलाय. पेंटर पहिल्या पायरीवर पाय ठेवून म्हणणार, "धर." ती दोन्ही हातांनी शिडी पकडून, खालच्या पायरीवर पाय रोवून म्हणणार, "धरली." तिनं असं म्हटल्याशिवाय हा दुसरी पायरी चढायचा नाही. काम झालं, दोन्ही पाय जमिनीला लागले की हा म्हणणार, "सोड." मग तिनं सोडायची. मधे कुणी कितीही हाक मारो, आभाळ कोसळो, "सोड" ऐकल्याशिवाय सोडायची नाही.

पेंटरच्या आणखी दोन खोडी सांगायला हव्यात. एक म्हणजे, रंगवताना प्रत्येक अक्षर तो मोठ्यानं म्हणायचा. त्यामुळे चूक होत नाही, असं त्याचं म्हणणं. दुसरी म्हणजे त्याचं एक सूत्र होतं : मात्रा चढून, ऊकार उतरताना. म्हणजे वरचं सगळं आधी, खालचं शेपूट उतरता उतरता.

तो शनिवार होता. सकाळी दहाचा सुमार. भिंतीखालची फरशी नुकतीच धुतलेली. डबी शिडीपाशी होती, तिच्या मैत्रिणी फाटकाबाहेर थांबलेल्या. मी आत खुर्च्या लावत होते. "धीर" झाला. मग "सो" झाला, "ड" झाला, ऊकार उतरताना द्यायचा राहिला होता. तेवढ्यात शिडी घसरल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ डबा आपटल्याचा. मी बाहेर धावले तर पेंटर फरशीवर, उजवा हात अंगाखाली, सगळीकडे निळा रंग, आणि डबी भिंतीला टेकून उभी.

उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. आत धातूची पट्टी बसवली. हाड जुळलं, पण बोटांत ब्रश ठरेना. दवाखान्यात जो येईल त्याला पेंटर एकच सांगायचा, "फरशी ओली होती, शिडी घसरली." बाकी चौकशी केली की विषय बदलायचा.

इकडे भिंत मात्र बोलतच होती. धीर सोड! पहिल्या आठवड्यात लोक हळहळले, दुसऱ्या आठवड्यात हसू लागले. "काय रे, सोडलास का?" "बस येऊ दे, मग सोडतो." तिसऱ्या आठवड्यात कंडक्टर दारात लोंबकळून ओरडू लागला, "चला, धीर सोड स्टॉप! धीर सोडवाले पुढे या!" मी त्याच बसनं शाळेत जाते. रोज मान खाली घालून उतरायचे.

कमिटीची तातडीची बैठक झाली. पोस्टमास्तर म्हणाले, दुसरा पेंटर बोलवा, एक ऊकार आणि दोन अक्षरांचा तर प्रश्न. निरोप घेऊन मलाच पाठवलं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, मी त्याच्यावर चिडूनच गेले होते.

त्यांच्या दोन खोल्या रस्त्यापलीकडे दुसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत टेबल, स्टोव्ह, भिंतीला टेकवलेल्या जुन्या पाट्या. आतल्या खोलीला एक खिडकी. दार बंद होतं आणि दारापाशी झाकलेलं ताट.

"डबी जेवली नाही?" मी विचारलं.

"मी कामाला गेल्यावर जेवते," पेंटर म्हणाला. "समोर जेवत नाही. समोर येतच नाही."

मग मला कळलं ते असं. डबी शाळेत जायची, यायची, दार लावून घ्यायची. वर्गात तर मी पाहतच होते, शेवटच्या बाकावर बसायची आणि वहीत एक ओळ नाही. चर्चला येणं बंद. चित्रकलेचे ब्रश तिनं कचऱ्याच्या डब्यात टाकले होते. बापानं ते काढून, रॉकेलमध्ये धुऊन, पेल्यात उभे करून ठेवले होते. विचारलं तर उत्तर नाही. रागावलं तर नाही, गोंजारलं तरी नाही.

"हाताचं सोडा, बाई," तो म्हणाला. "हात एक ना एक दिवस येईल. पोरगी हातची जाते आहे."

मी ज्या कामाला आले होते ते माझ्या तोंडून निघेचना. तरी ओशाळत ओशाळत भिंतीचं काढलं.

"माझी अडीच हात जागा राहिलीय," तो म्हणाला. "तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. पाळकसाहेबांनाही सांगा."

"अहो पण उजवा हात—"

"डावा आहे की!"

त्यानं टेबलावरच्या रद्दीकडे बोट दाखवलं. वर्तमानपत्रांचा ढीग, आणि त्यावर डाव्या हातानं काढलेली निळी अक्षरं. पहिल्या पानावरचा "न" पाहून बालवाडीतल्या पोरालाही हसू आलं असतं. त्यानं माझ्यासमोर एक ओळ काढून दाखवली, सवयीप्रमाणे म्हणत म्हणत. "धी... र." मग मधला शब्द काढला, पण तोंड मिटून. मग पुन्हा मोठ्यानं, "न... का."

मी मास्तरीण. गाळलेली जागा मला लगेच टोचते. "मधला शब्द गिळलात?"

"तो भिंतीवर झालाय. त्याची उजळणी कशाला?" तो म्हणाला आणि कागद उलटा केला. मला ते कारण पटलं नाही.

निघताना त्यानं टेबलापाशीच उभ्यानं प्रार्थना केली. इतकी छोटी प्रार्थना मी आमच्या मंडळीत कधी ऐकली नव्हती. "प्रभू, मागणं कालचंच आहे. तू विसरला असशील असं नाही. मी विसरलेलो नाही, हे तुला कळावं म्हणून सांगतो. आमेन." मग आतल्या दाराशी जाऊन म्हणाला, "डबे, बाई निघाल्या. ताट गार होतंय." आतून काही उत्तर आलं नाही. तो हसून माझ्याकडे वळला, जणू उत्तर मिळालं होतं.

त्यानंतरच्या रविवारी हा माणूस उपासनेला आला तो खांद्यावर शिडी घेऊन. उजवा हात गळ्यात अडकवलेला. उपासना संपल्यावर त्यानं भिंतीला शिडी लावली आणि तिच्या बाजूला उभा राहिला. चढला नाही, नुसता उभा.

ऑर्गन वाजवणारा आमचा धिप्पाड तरुण धावत आला. "काका, मी धरतो ना."

"तू धरशील रे बाबा, तुझे हात म्हणजे खांब. पण माझी धरणारी ठरलेली आहे."

पाव तास उभा राहिला. मग मोठ्यानं म्हणाला, "बरं. पुढच्या रविवारी." आणि शिडी उचलून घरी गेला.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही रविवारी तेच. लोक सल्ले देऊ लागले. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना आमच्या मंडळीत तोटा नाही. पोस्टमास्तर म्हणाले, सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. मीही एकदा न राहवून म्हटलं, "पेंटर, इथं उभं राहून काय होणार? मुलीला एकदा दरडावून विचारा तरी, काय झालंय म्हणून."

"बाई, दरडावून शिडी धरून घेता येत नाही," तो म्हणाला. "धाकानं धरणाऱ्याचे हात कापतात. मग वरच्याचं काही खरं नाही."

हे बोलताना त्याचे डोळे माझ्याकडे नव्हते. मी त्याच्या नजरेच्या रोखानं पाहिलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रस्त्यापलीकडे, दुसऱ्या मजल्यावर, त्यांच्या आतल्या खोलीची खिडकी. पडदा एका कोपऱ्यात बोटभर सरकलेला. इतके रविवार मला वाटत होतं की हा भिंतीसाठी उभा आहे. तो त्या खिडकीसाठी उभा होता. आणि त्या पोरीला खिडकीतून रोज काय दिसत होतं, तर हातभर रुंदीची तीच दोन अक्षरं, सोड.

तेव्हापासून मी रविवार मोजू लागले आणि पेंटरच्या शेजारी उभीही राहू लागले. मी शिडी धरत नव्हते, रंगाचा डबा धरत होते. प्रार्थनासभेत लोक त्याच्या हातासाठी विनंती करायचे, तर तो मधेच डोळे उघडून म्हणायचा, "हाताला डॉक्टर आहे. पोरीसाठी करा." पाळकसाहेब हसू दाबून प्रार्थनेचे शब्द बदलायचे.

रोजची कामंही चालूच होती. डाव्या हातानं तो फाटकं रंगवी, कठडे रंगवी. अक्षरांचं काम घेत नसे. सकाळी डबीच्या दाराशी उभा राहून तिला आदल्या दिवशीच्या गमती सांगे. कुठल्या कुत्र्यानं ओल्या रंगात पाय बुडवला, कुठल्या घरमालकाला "जरा कमी हिरवा" हवा होता. उत्तर येत नसे. तरी तो गमती राखून ठेवायचा, एखादी चांगली मिळाली तर दुसऱ्या दिवसासाठी.

एकदाच मी त्याला खचलेलं पाहिलं. चौदावा रविवार असेल. शिडी उचलायच्या आधी तो पायरीवर बसला आणि भिंतीकडे मान वळवून म्हणाला, "बाई, ही भिंत म्हणते ते खरं तर नसेल ना?"

मी म्हटलं, "ही भिंत अशुद्ध आहे. वाक्य पुरं झालेलं नाही. मी असल्या वाक्याला गुण देत नाही."

तो इतका मोठ्यानं हसला की बसच्या रांगेतली माणसं वळून पाहू लागली. "बरं," तो उठत म्हणाला, "पुढच्या रविवारी."

एकविसाव्या रविवारी शिडी लावून झाली, मी डबा घेतला, आणि रांगेतला कुणीतरी नेहमीप्रमाणे "आज तरी सोडा" म्हणाला. तेवढ्यात पेंटर एकदम ताठ झाला. रस्ता ओलांडून डबी येत होती. पायात घरातल्या सपाता, वेणी अर्धी घातलेली. ती कुणाकडे न बघता सरळ शिडीपाशी आली. दोन्ही हातांनी शिडी पकडली. खालच्या पायरीवर पाय रोवला. हात पांढरेफटक पडले होते.

पेंटरनं काही विचारलं नाही. शिडी नीट टेकलीय ना, तेवढं पाहिलं. मग पायरीवर पाय ठेवून नेहमीच्या आवाजात म्हणाला, "धर."

चर्चच्या दारात माणसं थिजल्यासारखी उभी होती. पोस्टमास्तरांनी टोपी काढली.

"धरली," डबी म्हणाली. पाच महिन्यांत तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते.

तो चढला. आधी राहिलेला ऊकार, त्यामुळे तीनच पायऱ्या. डाव्या हातानं, जीभ दातांत धरून, त्यानं "ड"ला शेपूट दिलं. जरा थरथरलं, पण दीर्घ होतं. आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यानं तो शब्द मोठ्यानं म्हटला, "सोडू."

खालून हुंदका आला. "पप्पा, त्या दिवशी तुम्ही असंच म्हणालात. रंगवताना. 'सो... ड' म्हणालात, आणि मी सोडली."

साडेपाच महिने आम्ही सगळे ओल्या फरशीला दोष देत होतो!

"मला ऐकू आलं, सोड," डबी बोलत सुटली, "पण मला माहीत होतं तुम्ही वरच आहात. अक्षर म्हणताय हेही कळलं होतं. तरी सोडली. मैत्रिणी थांबल्या होत्या, मला जायचं होतं. मी मुद्दाम सोडली, पप्पा."

"माहीत आहे," पेंटर म्हणाला.

"मलाही माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे ते. घोकताना तुम्ही मधला शब्द म्हणत नव्हतात. मला दारातून ऐकू यायचं. मग सगळ्यांना का सांगितलंत शिडी घसरली?"

"घसरलीच की. का घसरली ते मी कुणाला सांगितलं नाही. ते आपल्या दोघांतलं होतं." तो वाकला. तीनच पायऱ्यांवर होता, त्याचं तोंड तिच्या तोंडाजवळ आलं. "हे बघ, पोरी. तू सोडलीस. वाईट झालं. माझा हात गेला, मला रागही आला, दवाखान्यात दोन दिवस आला होता. तिसऱ्या दिवशी संपला. तेव्हापासून तुझी वाट बघतोय."

"पण मग पुन्हा मलाच कशाला? इतकी माणसं होती."

"दुसऱ्या कुणाच्या हातावर मी चढत नाही," तो म्हणाला. "चल, शिडी सरकव. 'नका' राहिलंय."

डबीनं दंडानं डोळे पुसले आणि शिडी सरकवली. पुन्हा "धर," पुन्हा "धरली." या वेळी तो पार वर गेला. मी वर बघायचं सोडून खालच्या पोरीकडे बघितलं. ती शिडी आता वादळातही हलली नसती. "न," वरून आवाज आला. मग "का." काना जरासा वाकडा होता. खाली टाळ्या सुरू झाल्या, रांगेतली माणसंसुद्धा टाळ्या वाजवत होती. बस आली होती आणि कंडक्टर तिला थांबवून बघत होता.

"झालं, पेंटर! उतरा आता!" मी ओरडले.

"झालं नाही," तो वरून म्हणाला. "डबे, नीट धर. अजून एक पायरी चढायचीय."

"धरली, पप्पा."

तो सगळ्यात वरच्या पायरीवर गेला, हात लांबवला आणि त्या कान्यावर एक मात्रा दिली. नको. धीर सोडू नको.

"अहो!" मी किंचाळले. "ठराव 'नका'चा आहे! परक्या माणसांना—"

"व्याकरण बरोबर आहे, बाई," तो खाली न बघता म्हणाला. "एकवचन आहे."

भिंत भर रस्त्यात त्या एका पोरीला अरेतुरे करत होती. मला रडू कोसळलं, ते मी लपवलं नाही. पुढच्या बैठकीत पोस्टमास्तरांनी मुद्दा काढला तेव्हा मीच उभी राहिले आणि म्हटलं, मात्रा लागू पडली आहे, आता औषध बदलू नका. कंडक्टर मात्र अजून "धीर सोड स्टॉप" असंच ओरडतो. त्याला सुधारायचं मी सोडून दिलंय.

पण ते नंतरचं. त्या दिवशी पेंटर एक एक पायरी उतरत खाली आला. कपाळाला घाम, डावा हात निळा. शेवटच्या पायरीवरून खाली येऊन तो म्हणाला, "सोड."

डबीनं लगेच सोडली नाही. ती आधी वाकली, त्याचे दोन्ही पाय फरशीला टेकलेत का ते पाहिलं, आणि मग सोडली.